घास तोंडात गेला तरच: ऐप्टेशियावरच्या द्रावणांची पारख

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात ऐप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल पसरलं, तर त्याला मारायला रेड सी कंपनीच्या ऐप्टेशिया-एक्सची ६० मिलीची बाटली घ्यावी की घरीच चुना कालवावा? निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. समोरून दिसणारे, हात पोहोचेल असे पंधरा-वीस ऐप्टेशिया असतील आणि त्यांना लागून झोआ किंवा दुसरे नाजूक प्रवाळ असतील, तर बाटली घ्या. तिचे पैसे वसूल होतात. दगड उघडाबोडका असेल, ऐप्टेशिया मागच्या काचेवर, ओव्हरफ्लोच्या (पाणी खाली उतरतं त्या खाचेच्या) जाळीजवळ किंवा दगडाच्या माथ्यावर असतील, तर चुन्याची पेस्ट तितकंच काम करते आणि जवळजवळ फुकटात पडते. लिंबाचा रस फक्त मोठ्या, एकट्यादुकट्या ऐप्टेशियासाठी. व्हिनेगर आम्ही सुचवत नाही. आणि मोजता येणार नाहीत इतके झाले असतील, तर यातलं कोणतंही द्रावण एकट्याने पुरं पडणार नाही. तिथे खाणारा प्राणी आणायचा आणि द्रावण फक्त जोडीला ठेवायचं.

सगळ्या द्रावणांना आम्ही एकच कसोटी लावली आहे: ऐप्टेशिया उघडा असताना ते त्याच्या तोंडापर्यंत जातं का, आणि गेल्यावर किती टिकतं. ही कसोटी का, हे त्याच्या शरीरावरून कळतं. ऐप्टेशिया हे तपकिरी, अर्धपारदर्शक, लांब देठाचं छोटं समुद्रफूल. शास्त्रीय नाव एक्झैप्टेशिया डायफाना. जुन्या लिखाणात ऐप्टेशिया पॅलिडा किंवा पल्चेला अशी नावं दिसतील. जरा धक्का लागला की तो भोकात शिरतो आणि डंखपेशींनी भरलेले बारीक पांढरे धागे बाहेर फेकतो. तळव्याचा, म्हणजे दगडाला चिकटलेल्या बुडाचा, कण जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवं पिल्लू उगवतं. जागा बदलतानासुद्धा तो असे कण मागे सोडत जातो. म्हणून चिमट्याने ओढणं, ब्लेडने खरवडणं, ब्रशने घासणं म्हणजे एकाचे दहा करणं. मिटलेल्या ऐप्टेशियावर वरून कितीही औषध ओतलं तरी आतला देठ आणि तळवा शाबूत राहतो. द्रावण त्याने स्वतः तोंडात घ्यायला हवं. विष म्हणून फवारायचं नाही, घास म्हणून भरवायचं.

बाटली

ऐप्टेशिया-एक्स दाट, पांढरट आणि पाण्यापेक्षा जड आहे. कंपनीचा दावा असा की ऐप्टेशिया ते अन्न समजून गिळतो, तोंड बंद होतं आणि तो आतल्या आत कोसळतो. शिवाय, कंपनीच्याच म्हणण्यानुसार, द्रावण दाहक नाही आणि रीफला, म्हणजे प्रवाळांच्या टाकीला, सुरक्षित आहे. आमच्या कसोटीवर या बाटलीचं खरं बळ त्या ‘अन्न समजून’मध्ये आहे. चुन्याचा स्पर्श होताच ऐप्टेशिया आक्रसायला लागतो. याचा थेंब मात्र शुंडकांवर (तोंडाभोवतीच्या सोंडांवर) पडला तर बहुतेक वेळा तीच तो तोंडाकडे ओढून नेतात. हे काही सेकंदच चालतं, पण तेवढ्यात पुढचा थेंब बरोबर तोंडाच्या चकतीवर ठेवता येतो. एवढ्यासाठीच जास्त पैसे मोजायचे.

विकत घेताना तीन गोष्टी पाहा. ठाण्यात गोखले रोडच्या आसपास असो की वाशी-नेरुळमध्ये, मत्स्यालयाची बहुतेक दुकानं गोड्या पाण्याची असतात. खाऱ्या पाण्याचं सामान मोजकेच लोक ठेवतात, त्यामुळे बाटली शेल्फवर बराच काळ पडून असू शकते. पहिली गोष्ट, बाटली उलटी करून हलवा. तळाचा साका सुटून सारखा मिसळला पाहिजे. गोळा होऊन तळाला चिकटलेला असेल तर घेऊ नका. दुसरी, आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, छापील किंमत आणि महिना-वर्ष असलेलं लेबल कायद्याने लागतं. ते नसेल तर बाटली कुठून आणि कधी आली हे कोणी सांगू शकणार नाही. तिसरी, खोक्यात सिरिंज आणि टोकं आहेत ना, ते उघडून बघा. टोकाविना बाटली निम्मी निरुपयोगी. मेडिकलमधल्या इन्सुलिनच्या सुईतून हे द्रावण उतरत नाही.

आता वापर. माशांना तासभर आधी थोडं खायला घाला, नाहीतर टँग आणि रास हे मासे द्रावण टोचायला येतात आणि त्यांच्या धक्क्याने ऐप्टेशिया मिटतो. प्रवाळांना मात्र त्या दिवशी काही घालू नका. टाकीत उरलेलं खाणं तरंगत असेल तर ऐप्टेशियाचं तोंड आधीच भरलेलं असतं. मग वेव्हमेकर (प्रवाह देणारा पंप), रिटर्न पंप (संपमधून, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीतून, पाणी वर आणणारा) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद. रिटर्न बंद केल्यावर वरचं पाणी संपमध्ये उतरतं, तेवढी जागा संपमध्ये आहे का हे आदल्या दिवशीच तपासून ठेवा. पाणी पूर्ण स्थिर व्हायला पाच ते दहा मिनिटं जातात. ती थांबा. तरंगणारे कण एका जागी लटकलेले दिसले की पाणी स्थिर झालं.

बाटली चांगली मिनिटभर हलवून सिरिंज भरा आणि टोक वर करून हवा काढून टाका. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ‘औषध चाललं नाही’ म्हणतात. सिरिंजमध्ये हवा राहिली तर द्रावणाच्या आधी बुडबुडा निघतो, तो शुंडकांवर फुटतो आणि ऐप्टेशिया गायब. टाकीच्या दिव्याची सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने हात घाला. टोक साधारण १ सेंटीमीटर वर धरा, शुंडकांना टेकवू नका. आधी एक छोटा थेंब शुंडकांवर. ती आत वळायला लागली की हळूहळू चकती झाकेल एवढं सोडा. १ सेंटीमीटर चकतीच्या ऐप्टेशियाला ०.२ ते ०.५ मिली पुरतं. जोरात दाबलं तर द्रावणाचा फवारा होतो, ढग उठतो आणि शेजारच्या प्रवाळावर बसतो. तोंडात काहीच जात नाही.

एका वेळी साधारण २०० लिटरच्या टाकीत दहा-बारापेक्षा जास्त ऐप्टेशिया घेऊ नका. कारण द्रावण नाही, मेलेली शरीरं. मोठे वीस ऐप्टेशिया एका रात्रीत सडले तर अमोनिया वाढतो आणि ऑक्सिजन उतरतो. शेवटच्या थेंबानंतर पंधरा मिनिटं थांबून आधी एक वेव्हमेकर कमी जोरावर, मग बाकीचं सुरू करा. एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय टाकी २९-३० अंशांवर गेली असेल तर हे काम सकाळी करा आणि एअरस्टोन चालू ठेवून तो दगडांपासून लांब कोपऱ्यात टाका. कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी विरघळतो आणि पंप बंद असताना माशांना तो लवकर जाणवतो.

निकाल वाचताना घाई नको. काही मिनिटांत ऐप्टेशिया आक्रसून चिखलासारखा झाला तर तो गेला. नुसता मिटला असेल तर दुसऱ्या दिवशी परत उघडलेला दिसेल. तिसऱ्या दिवशी आणि मग दहाव्या दिवशी त्याच जागी टॉर्च मारून बघा. मागे राहिलेल्या कणांची पिल्लं दिसण्याइतकी मोठी व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. म्हणून एक फेरी मारून बाटलीबद्दल मत बनवणं चुकीचं. आठवड्याला एक याप्रमाणे चार ते सहा फेऱ्या धरा. ६० मिली बाटली मध्यम टाकीला तेवढ्यात आरामात पुरते.

बाटली कमी कुठे पडते? खोल भोकातल्या ऐप्टेशियावर. त्याची चकती भोकाच्या तोंडाशी असते, देठ दोन-तीन सेंटीमीटर आत. द्रावण पडताच तो आत जातो आणि घास अर्धाच राहतो. दगडाच्या खालच्या बाजूला उलटा लटकलेला असेल तरी हेच, कारण जड द्रावण खाली घसरतं. अशा जागी भोकच बुजवायचं. ऐप्टेशिया आत गेला की भोकावर रीफसाठीची दोन भागांची एपॉक्सी पुटी दाबून बसवा. कडा नीट बसल्या नाहीत तर तो फटीतून बाहेर येतो, म्हणून पुटी भोकापेक्षा बोटभर रुंद लावा.

जोज जूस हेही भरवायचंच द्रावण, लहान बाटलीत येतं. वापराची रीत हीच. हाताशी तेच असेल तर ऐप्टेशिया-एक्ससाठी थांबून राहायची गरज नाही.

चुना

जर्मन शब्द काल्कवासर. आपल्याकडे त्याला चुन्याची निवळी म्हणतात आणि शाळेत सगळ्यांनी तिच्यात फुंकर मारून ती दुधाळ केलेली असते. पदार्थ तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. रीफ टाकीत ती कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) टिकवायला थेंब थेंब घालतात. ऐप्टेशियासाठी मात्र निवळी नको, घट्ट पेस्ट हवी. निवळी पाण्यात पसरते, पेस्ट जागेवर बसते आणि खालच्या ऊतींना जाळते.

चुना कोणता, यावर अर्धं यश अवलंबून आहे. पानाच्या ट्यूबमधला चुना वापरू नका. त्यात पाणी किती हे माहीत नसतं, काहींत सुगंध किंवा आणखी काही मिसळलेलं असतं. रंगाच्या दुकानातला भिंतीचा चुना तर नकोच. रीफसाठी विकली जाणारी काल्कवासर पावडर किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. ते हवाबंद डब्यात राहिलं पाहिजे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे खडूची पूड, आणि खडूने ऐप्टेशियाला काही होत नाही. पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या खाडीकाठच्या घरांत अर्धवट झाकणाचा डबा दोन महिन्यांत कामातून जातो. तपासणी सोपी आहे: चिमूटभर पूड चमचाभर व्हिनेगरमध्ये टाका. शांतपणे विरघळली तर चुना ताजा. फसफसून बुडबुडे आले तर तेवढा भाग कार्बोनेट झालेला आहे.

५ ग्रॅम पूड मलमलच्या कापडातून चाळून घ्या. चाळली नाही तर एकच खडा सुईत अडकतो, तुम्ही जोर लावता आणि अख्खी सिरिंज एकदम प्रवाळांवर मोकळी होते. चुन्याच्या कामातला सगळ्यात महाग पडणारा अपघात हाच. चाळलेल्या पुडीत ६ मिली आरओचं पाणी घालून इडलीच्या पिठासारखी पेस्ट कालवा. चमच्यावरून सावकाश गळली पाहिजे. पाण्यासारखी वाहिली तर थोडी पूड, गोळा झाली तर दोन थेंब पाणी. धातूची वाटी नको, प्लास्टिक किंवा काचेची घ्या; ॲल्युमिनियमला चुना खातो. पेस्ट लगेच वापरा. तासाभरात वर साय धरते, ती साय म्हणजे पुन्हा तेच कार्बोनेट.

३ मिलीची सिरिंज आणि १८ गेजची सुई मेडिकलमध्ये मिळते. सुईचं धारदार टोक पॉलिश पेपरवर घासून बोथट करा. धारदार टोक प्रवाळात घुसतं, शिवाय पेस्ट तिरपी बाहेर येते. चष्मा आणि हातमोजे घालून कामाला बसा. चुना डोळ्यात गेला तर लगेच नळाखाली डोळा किमान पंधरा मिनिटं धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा. लहान मुलं आसपास असताना हे काम काढू नका.

आता प्रमाण, कारण चुन्याने टाकी बिघडते ती प्रमाणामुळे. वरच्या कृतीच्या १ मिली पेस्टमध्ये साधारण ०.६ ग्रॅम चुना असतो. १ ग्रॅम चुना १०० लिटर पाण्यात पूर्ण विरघळला तर अल्कलिनिटी सुमारे ०.७५ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) आणि कॅल्शियम सुमारे ५ पीपीएम वाढतं. या वाढीने प्रवाळ मरत नाहीत. पण त्याच वेळी पीएच झपाट्याने चढतो, त्याचा धक्का कोळंब्यांना आणि नाजूक प्रवाळांना बसतो. म्हणून मर्यादा: १०० लिटरला दिवसाला १.५ मिली पेस्ट, त्यापुढे नाही. लिटर धरताना टाकीचं माप नको, पाणी धरा. दगड, वाळू वजा केली की ‘३०० लिटर’च्या टाकीत अनेकदा २३०-२४० लिटरच पाणी असतं. पीएच मीटर असेल तर आधी बघा; ८.३ च्या वर असेल तर त्या दिवशी चुना नको, काम चालू असताना ८.५ ला पोहोचला तर थांबा.

वेळ सकाळची, दिवे लागायच्या आधीची. रात्रभरात टाकीचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळे चुन्याला जागा मिळते. एसीसाठी खिडक्या बंद असलेल्या फ्लॅटमध्ये खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच ७.८-७.९ वरच रेंगाळतो. तिथे चुना लिंबापेक्षा किती तरी सोयीचा. टॉर्च तिरका धरून ऐप्टेशिया उघडा आहे ना ते बघून घ्या.

पंप बंद करण्यापासून पाणी स्थिर होईपर्यंतची रीत वरचीच. फरक फक्त शेवटच्या क्षणात. चुन्याला ऐप्टेशिया अन्न समजत नाही, त्यामुळे थेंब दाखवून वाट बघायची नाही. टोक चकतीच्या अगदी वर, अर्ध्या सेंटीमीटरवर नेऊन एका दमात, पण हलक्या हाताने, चकती आणि भोक दोन्ही झाकतील इतकी पेस्ट बसवा. तो आत गेला तरी भोकात पेस्ट भरत राहा; हरकत नाही, ती आत जाऊन बसणं हेच हवं. पेस्टच्या भोवती पांढरे कण तरंगताना दिसतील. त्यातले काही चुन्याचे, काही पाण्यातल्या मॅग्नेशियमचे, जे इतक्या पीएचला तेवढ्यापुरतं बाहेर पडतं आणि नंतर विरघळतं. ते कण झोआवर बसले तर बसल्या जागी ऊती जाळतात. दुसऱ्या हातात रबरी फुग्याचा ड्रॉपर ठेवा आणि झोआवर कण दिसला की लगेच हलकं पाणी मारून उडवा. दहा मिनिटांनी उरलेली पेस्ट एअरलाइनच्या नळीने बादलीत ओढून घ्या, मग पंप सुरू. न ओढता पंप लावला तर टाकीभर पांढरं धुकं होतं आणि तासाभरात सगळे प्रवाळ मिटलेले दिसतात.

दुसऱ्या दिवशी अल्कलिनिटी मोजा. सलग तीन दिवस चुना वापरलात तर टू-पार्टचा, म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलिनिटीच्या दोन बाटल्यांचा, रोजचा डोस त्या हिशोबाने कमी करा, नाहीतर तो आणि पेस्ट मिळून ११-१२ डीकेएचला नेऊन ठेवतील. पेस्टसाठी आरओचंच पाणी लागतं असं नाही, ६ मिलीने काय होणार. पण टॉप-अपला (उडून गेलेलं पाणी भरून काढायला) सोसायटीचं टँकरचं किंवा बोअरचं पाणी सरळ घालत असाल तर चुना आणि बाटली दोन्ही वाया जातील. त्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शेवाळ्याला आणि पर्यायाने ऐप्टेशियाला पोसत राहतं.

किमतीत चुना कोणत्याही बाटलीला हरवतो. हात स्थिर असेल आणि जागा मोकळी असेल, तर परिणामातही बरोबरीला येतो. प्रवाळांच्या दाटीत मात्र तो वापरू नये असं आमचं ठाम मत आहे.

लिंबू, व्हिनेगर आणि उकळतं पाणी

कागदी लिंबाचा रस मलमलमधून दोनदा गाळून १ मिलीच्या इन्सुलिन सिरिंजमध्ये भरतात आणि ऐप्टेशियाच्या देठात टोचतात. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन सिरिंज मिळतात. दोन्हींत १ मिलीच मावतं, पण रेघा वेगळ्या, त्यामुळे ‘दहा रेघा’ असा हिशोब करू नका. मिलीत मोजा: एका ऐप्टेशियाला ०.२ ते ०.३ मिली. चकती २ सेंटीमीटरच्या वर असेल तरच हे जमतं. लहानाला सुई लागायच्या आत तो पळतो, आणि सुई आरपार गेली तर रस दगडावर सांडतो. देठ विरघळला तरी तळवा वाचू शकतो, ही याची खरी उणीव. १०० लिटरला एकूण ५ मिलीच्या आत राहा. अल्कलिनिटीवर त्याचा परिणाम नगण्य आहे, पण रसातली साखर आणि आम्ल जिवाणूंचं खाद्य आहे. काम दुपारनंतर करा, पीएच चढलेला असताना.

व्हिनेगरमध्ये हीच उणीव आणि वर जिवाणूंची भर जास्त. दोन दिवसांत पाणी धूसर होतं, स्किमर उतू जातो. लिंबू असताना त्याच्याकडे जायचं कारण नाही.

उकळतं पाणी सिरिंजने सोडायची युक्तीही ऐकायला मिळते. टाकीच्या पाण्यात शिरताच ते निवतं, आणि प्लास्टिकची सिरिंज मऊ होऊन दट्ट्या अडकतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ऐप्टेशिया असलेला दगड बाहेर काढून उकळायचा नाही, कधीच नाही. दगडावर झोआ किंवा पॅलिथोआ असतील, अगदी मेलेले असले तरी, वाफेतून पॅलिटॉक्सिन हे त्यांचं जहाल विष श्वासात जाऊ शकतं. अशा प्रकाराने माणसं रुग्णालयात गेली आहेत. दगड वाचवायचा नसेल तर तो गच्चीवर उन्हात आठवडाभर पूर्ण वाळवा. पॅलिथोआ असलेला दगड हाताळताना हातमोजे हवेतच. वाळवल्यावर त्याच्यावरचं सगळंच मरतं, त्यामुळे परत टाकीत नेण्याआधी तो वेगळ्या पिंपात मुरवावा लागतो.

तांब्याची औषधं ऐप्टेशियाला मारतात, सोबत कोळंब्या, गोगलगायी आणि प्रवाळ सगळ्यांना. तांबं दगडात आणि वाळूत शोषलं जातं आणि पुढे बराच काळ सुटत राहतं. दुकानदार मिश्र टाकीसाठी अशी बाटली काढून देऊ लागला तर घेऊ नका.

माजानो आणि बाकीची गर्दी

माजानो हे दुसरं उपद्रवी समुद्रफूल: बुटकं, जाड, शुंडकांची टोकं गोलसर, रंग तपकिरी ते हिरवा, कधी इतका सुंदर की लोक मुद्दाम ठेवतात. ठेवू नका, वर्षभरात दगड व्यापतं. त्याच्यावर भरवायची बाटली ऐप्टेशियाइतकी हुकमी नाही. शरीर जाड, पकड घट्ट, एका घासात मरत नाही. इथे चुन्याची पेस्ट पुढे आहे, पण मात्रा जास्त लागते, म्हणून एका दिवसात तीन-चारच घ्या. माजानो छोट्या सुट्या दगडावर असेल तर दगडाचा तेवढा तुकडा छिन्नीने उडवणं सगळ्यात स्वच्छ. हे काम बादलीत करा, टाकीत नाही.

गर्दी फार असेल तर पेपरमिंट कोळंबी, बर्गिया ही फक्त ऐप्टेशियावर जगणारी समुद्री गोगलगाय, किंवा ऐप्टेशिया खाणारा फाइलफिश हे उपाय आहेत. पेपरमिंट म्हणून कॅमल कोळंबी गळ्यात मारली जाते, तेव्हा नीट बघून घ्या. कॅमलच्या पाठीला उंचवटा असतो आणि लालसर अंगावर ठळक पांढऱ्या रेघा व ठिपके. ती प्रवाळ खाते. बर्गिया सोडल्यावर द्रावण पूर्ण थांबवा. तिचं खाद्य संपलं तर ती उपाशी मरते, आणि चुन्याच्या कणाने ती जळू शकते. कोळंबी मात्र द्रावणाबरोबर चालते: मोठे ऐप्टेशिया तुम्ही बाटलीने काढा, बारीक पिल्लं ती रात्री वेचते. आमच्या मते शंभरच्या पुढच्या गर्दीला हीच जोडी सगळ्यात परवडणारी आहे.

संपकडे कोणी बघत नाही. तिथे अंधारात, फिल्टर सॉकमधून निसटलेल्या अन्नावर ऐप्टेशिया निवांत वाढतात, अंगात शैवाल नसल्याने जवळजवळ पांढरे दिसतात आणि रिटर्नमधून पिल्लं वर पाठवत राहतात. वरची टाकी स्वच्छ करूनही दोन महिन्यांनी परत आले, तर उगम बहुतेक तिथेच असतो. काढता येणारे भाग, पाइपचे तुकडे, जाळ्या बाहेर काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, नंतर धुवा. संपच्या काचेवरच्यांना चुन्याची पेस्ट. तिथे प्रवाळ नाहीत, हात मोकळा आहे. प्रमाण मात्र पूर्ण पाण्याच्या हिशोबातच धरा.

वापरलेल्या सुया टोपण लावून जाड प्लास्टिकच्या बाटलीत, वर नाव लिहून. ओल्या-सुक्या कचऱ्यात सुट्या नकोत. ऐप्टेशियासकट काढलेलं पाणी किंवा दगड खाडीत सोडू नका. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे, आणि तळव्याच्या कणातून उगवणारा प्राणी परक्या पाण्यात सोडायला ऐप्टेशियाइतका वाईट उमेदवार नाही. बादलीत थोडं ब्लीच घालून रात्रभर ठेवा, मग ते पाणी संडासात.

बहुतेक टाक्यांत ऐप्टेशिया फ्रॅगच्या (विकत आणलेल्या प्रवाळाच्या तुकड्याच्या) प्लगच्या, म्हणजे तो तुकडा चिकटवलेल्या बैठकीच्या, खालच्या बाजूला बसून येतो. दुकानात प्लग उलटा करून बघू द्या म्हणा. न दाखवणाऱ्याकडून फ्रॅग घेऊ नका. घरी आणल्यावर प्रवाळ मुळाशी कापून नव्या प्लगवर लावा आणि जुना प्लग फेकून द्या. कापता येत नसेल तर प्लगची खालची बाजू आणि कडा टिपकागदाने कोरड्या करून त्यांवर जेलच्या सुपरग्लूचा जाड थर चढवा, भोकंसुद्धा. मग तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा आणि दिवे बंद झाल्यावर टॉर्चने रोज एकदा बघा.